पात धुऱ्याला लागेपर्यंत

मी आयुष्यात बास्केटबॉल खेळलेले नाही. तरी सहा वर्षं मी एका संघाची कोच आहे, आणि याला कारण माझी उंची. आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याजवळच्या आमच्या मुलींच्या निवासी शाळेत पीईटीची, म्हणजे खेळ शिकवणाऱ्या बाईंची जागा रिकामी झाली, तेव्हा मोठ्या मॅडमनी सगळ्या शिक्षिकांवरून एकदा नजर फिरवली आणि ती माझ्या डोक्यापाशी येऊन थांबली. मी गणित शिकवते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मग गुण मोजायलाही बरं पडेल.

शाळेकडे सिमेंटचं एक मैदान होतं, दोन रिंगा होत्या आणि दोन चेंडू होते. त्यातला एक चेंडू सकाळी भरला की दुपारच्या जेवणापर्यंत बसायचा. आठ मुली एका चेंडूने रिंगेत फेकायचा सराव करतात तेव्हा सात मुली रांगेत उभ्या राहून वेण्या सोडतात आणि बांधतात. हे मी पंधरा दिवस पाहिलं. मग हिशेब केला की चेंडू फेकायला चेंडू लागतो, अडवायला लागत नाही. त्या दिवसापासून आमचा संघ बचावासाठी ओळखला जावा असं मी ठरवलं. दुसऱ्या कशासाठी ओळखला जाण्याची शक्यता तशीही नव्हती.

बचाव मी फोनवरचे व्हिडिओ बघून शिकले. एक परदेशी म्हातारा होता, तो चार मुलांना चार ठिकाणी उभं करायचा आणि त्यांच्यासमोर अडवणारी चार मुलं. त्याचं इंग्रजी माझ्या वेगाचं नव्हतं, म्हणून मी आवाज बंद करून बघायची आणि चौकटीच्या वहीत गोल काढून घ्यायची. तो शिकवत होता ते असं: चौघी बाहेर अर्धवर्तुळात उभ्या. त्या फक्त चेंडू एकमेकींकडे टाकतात. अडवणाऱ्या चौघींनी चेंडू हवेत असतानाच आपली जागा बदलायची. चेंडू आपल्यासमोर असेल तर अंगाला भिडायचं. शेजारी असेल तर अर्धं पाऊल आत यायचं. पार पलीकडे असेल तर आपली मुलगी सोडून थेट रिंगेखाली यायचं, कारण कुणी चुकून आत घुसली तर तिला तिथेच गाठायचं असतं. वहीत हे फार सुंदर दिसत होतं.

मैदानावर ते चार खांब उभे केल्यासारखं दिसलं. जिला जी दिली तिला ती चिकटायची आणि हलायची नाही. शेजारच्या मुलीला चुकवून कुणी आत पळाली तर बाकीच्या तिघी तिच्याकडे बघत राहायच्या. मी ओरडायची, मदतीला जा. त्या मान हलवायच्या आणि जायच्या नाहीत. बसायचं म्हणजे गुडघ्यात वाकायचं, हेही होत नव्हतं. बसा म्हटलं की आठही जणी कमरेत वाकायच्या, आणि तशा वाकून तासभर उभ्या राहू शकायच्या. एवढी चुकीची गोष्ट इतका वेळ न थकता करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

माझा स्वभाव चांगला नाही. वर्गात मी खडू मोडते, मैदानावर शिट्टीची दोरी चावते. महिनाभर दोरी चावल्यावर मी नियम काढला की जिची मुलगी गोल करेल तिने मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या. नियम काढल्यावर खेळ आणखी बिघडला. आता त्या आपापल्या मुलीचा हातच धरायच्या बाकी होत्या.

फेऱ्या सगळ्यात जास्त मारल्या त्या तलमडुगू गावच्या मुलीने. ती आमच्या संघात सहावीपासून होती आणि ती सावकाश होती. म्हणजे लठ्ठ वगैरे नव्हती, पाय दुखत नव्हता, काही नव्हतं. ती सावकाश जेवायची, सावकाश लिहायची, आणि रागावलं तर रडायचीसुद्धा दुसऱ्या दिवशी. समोरची मुलगी तिला ओलांडून जायची, तेव्हा ही तिकडे वळत असायची. मॅचमध्ये मी तिला घ्यायची, कारण ती चेंडू कधी हातातून सोडत नसे, आणि पहिले दोन-चार गोल झाले की बाहेर काढायची. चार वर्षं असंच चाललं. बाहेर काढल्यावर ती बाकावर बसून टाळ्या वाजवायची, इतरांच्या थोड्या नंतर.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती एका संध्याकाळी माझ्यापाशी आली. दोन फेऱ्या मारून आली होती, धाप लागली होती. मला वाटलं, पाणी प्यायला परवानगी मागते.

"मॅडम, यंदा माही दहावी हाय," ती म्हणाली. "मले एक मॅच सुरूपासून शेवटच्या शिट्टीलोक खेळाची हाय."

मी विचारलं, आणि मग पुढे? तिने विचार केला. पुढं काही नाही, म्हणाली, पुढं कोण खेळते. आमच्या भागातल्या मुली दहावीनंतर काय करतात ते मला माहीत आहे, बास्केटबॉल त्यात येत नाही. मी म्हटलं, बरं, खेळवीन. जिल्ह्याच्या स्पर्धेत हरला की घरी, त्यामुळे पहिलीच मॅच शेवटची ठरणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पहिल्याच मॅचला शेवटपर्यंत खेळवीन, असं मी तिला चक्क कबूल केलं. तिने मान डोलावली आणि मग पाणी प्यायला परवानगी मागितली.

त्याच सुमाराला माझी माय माझ्याकडे राहायला आली. वडील गेल्यावर ती बाजारहत्नूरकडच्या गावात एकटीच होती. इचोड्यात माझं घर हमरस्त्याला लागून, दिवसभर ट्रक. तिला घरात करमेना, म्हणून मी तिला सरावाला सोबत नेऊ लागले. स्वयंपाकघरातून प्लास्टिकची खुर्ची आणून मैदानाच्या कडेला टाकायची आणि ती त्यावर बसायची. खुर्ची हलते, अशी तिची रोजची तक्रार होती. खुर्ची हलत नव्हती, माय हलत होती, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

मायने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात काम केलं. वडील सालगडी होते. पण मला त्यांनी वावरात पाऊल टाकू दिलं नाही. माझ्या पोरीनं हाती खुरपं धरलं नाही, ही गोष्ट ते चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीत, कुठेही सांगायचे. मला शिक्षिकेची नोकरी लागल्यावर ते ती तहसीलच्या शिपायालासुद्धा सांगून आले, काही काम नसताना. मला त्या गोष्टीचा अभिमान होता, आजही आहे. माझ्या हातांना घट्टे नाहीत हे मी शाळेतल्या मुलींना उदाहरण म्हणून दाखवायची.

चार दिवस मायने सराव मुकाट पाहिला. पाचव्या दिवशी तलमडुगूवालीला ओलांडून एक मुलगी आत गेली, तिघी बघत राहिल्या, मी दोरी चावली, आणि तलमडुगूवाली न सांगताच फेऱ्या मारायला निघाली. तेव्हा माय म्हणाली,

"काऊन वं, तू यायले येचणीवर लावलं?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, हा बास्केटबॉल आहे. ती म्हणाली, ते दिसून राह्यलं. मग तिने खुर्चीचे दोन्ही हात धरून, जणू खुर्ची पळून जाणार आहे अशी, मला समजावलं.

कापूस वेचताना जिचं तिचं गाठोडं. संध्याकाळी काट्यावर जिचं तिचं वजन. शेजारणीच्या झाडाचं बोंड फुटून खाली पडलं तरी तिकडे हात जात नाही, तेवढ्यात आपलं राहून जातं. वेचायला कंबर वाकवतात, गुडघा वाकवत नाहीत. तुझ्या पोरी दर सुट्टीत घरी जाऊन तेच करतात, वर तू त्यांना गोलाचं वजन जिच्या तिच्या नावावर करून दिलंस. मग कोण कोणाकडे पाहील?

"निंदणावर लाव," ती म्हणाली.

निंदण म्हणजे पिकातलं तण काढणं. बायका शेताच्या एका टोकाला ओळीने बसतात. प्रत्येकीला समोरची एक पट्टी मिळते, तिला पात म्हणतात. उकिडवं बसून, खुरपं चालवत, सरकत सरकत दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जायचं. दिवसाची मजुरी सगळ्यांना सारखीच. आणि रीत अशी की सगळ्या पाती बरोबर धुऱ्याला लागल्या पाहिजेत. एखादी मागे पडली तर जिची पात झाली ती फिरून तिच्या पातीत शिरते आणि उलट्या बाजूने काढत येते. मदतीला गेलेलीच्या रिकाम्या जागी तिसरी सरकते. शेवटच्या बाईची पात धुऱ्याला लागल्याशिवाय कोणी उठून पाणी प्यायला जात नाही.

मायने हे खुर्चीवरून न उठता सांगितलं. त्या परदेशी म्हाताऱ्याला हे समजावायला मोठा फळा आणि चौदा भाग लागले होते.

मी विचारलं, आणि एखादी रोजच मागे पडत असली तर? तिला काढून टाकत नाहीत?

"मांगं पडली तिले काढत नसतेत. तिच्या पातीत जातेत," माय म्हणाली. "तू पोटात व्हती तवा सातव्या मयन्यात मी रोज मांगं पडली. कोनी मनलं नाई का हिले घरी धाडा."

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलं नसावं. मी मैदानावर गेले आणि शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना सांगितलं की आजपासून हे निंदण आहे. आठही जणी ताबडतोब गुडघ्यात बसल्या. इतक्या खाली बसल्या की मला त्यांना थोडं वर उठवावं लागलं. फेऱ्यांचा नियम बदलला: गोल कुणाचाही झाला तरी चौघींनी फेऱ्या मारायच्या, आणि सलग तीनदा अडवलं की चौघींनी एकदम पाणी प्यायला जायचं. मध्ये गोल झाला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी वॉर्डन जेवणाची घंटा वाजवून थकली तरी कुणी पाण्यापर्यंत पोचलं नाही. चौथ्या दिवशी पोचल्या.

बोलण्याचाही प्रश्न होता. बचावात सतत बोलावं लागतं: चेंडू कुठे, कोण आत आली, कोण उघडी राहिली. आमच्या मुलींना आठ वर्षं गप्प बसायला शिकवलेलं, त्यात माझाही वाटा मोठा. मी बोला म्हटलं की त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. पण निंदणाला तोंड बंद ठेवण्याची चाल नाही, असं दिसलं. त्या आपोआप बोलायला लागल्या. वॉर्डनबद्दल, भाजीबद्दल, कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाबद्दल बोलायच्या आणि मध्येच, त्याच सुरात, ती आली पहाय, मी चालली तिच्याकडं, तू माही धर अक्का. माझ्याबद्दलही बोलत असाव्यात, कारण मी जवळ गेले की नुसत्या चेंडूबद्दलच बोलायच्या.

तलमडुगूवाली सावकाशच राहिली. पण आता तिला ओलांडून जी आत जायची तिला समोर कुणीतरी बसलेली मिळायची. आणि ती स्वतःही एक गोष्ट शिकली, जी मी आठही जणींना शिकवत होते: उघड्या मुलीकडे पळत जायचं, शेवटच्या तीन पावलांत पाय आखूड टाकायचे आणि एक हात वर करायचा. पळणं तिला जमत नव्हतं. आखूड पावलं आणि हात मात्र अगदी माझ्या वहीतल्यासारखे.

जानेवारीत आम्ही आदिलाबादला गेलो. मायला प्रवास झेपत नाही म्हणून ती घरी राहिली. पहिली मॅच शहरातल्या एका शाळेशी होती. त्यांच्या मुलींच्या पायांत सारखे बूट होते. आमच्याकडे पाच चांगले जोड होते आणि आठ मुली, त्यामुळे बदली खेळाडू आत जाताना बूटही बदलायचे, हे आम्ही सरावात घड्याळ लावून करून पाहिलं होतं.

तलमडुगूवाली सुरुवातीपासून खेळली. मला सांगायला आनंद होतो की पाऊण मॅच आमच्या मुलींनी त्या शहरातल्या मुलींना रिंगेजवळ फिरकू दिलं नाही. त्यांच्या कोचने उठून दोनदा हात वर केले. आमच्या पाचजणी गुडघ्यात बसलेल्या, सरकत होत्या आणि सारख्या बोलत होत्या. पंचांनी मला येऊन विचारलं, या काय बोलतात? मी म्हटलं, डावपेच. मला फार बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्यानेच घात केला, कारण तोपर्यंत मला जिंकायची सवय नव्हती आणि आता ती तासाभरात लागली.

शेवटच्या पाव भागात त्यांच्या कोचला आमचं गुपित कळलं. दर वेळी चेंडू तलमडुगूवालीच्या समोरच्या मुलीकडे. आम्ही सातने पुढे होतो, ते पाचवर आलं, तिनावर आलं, एकावर आलं. दीड मिनिट उरलं होतं. मी कबूल केलेलं मला आठवत होतं, विसरले होते असं म्हणणार नाही. मी बाकाकडे वळले आणि बाजारहत्नूरच्या मुलीला म्हटलं, जा, तिला बाहेर काढ.

ही मुलगी आमची सगळ्यात चपळ खेळाडू. पाय मुरगळला होता म्हणून बसवली होती, पण दीड मिनिट तिने सहज निभावलं असतं. बदली खेळाडूने स्वतः गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन आत जायचंय असं सांगायचं असतं, मग खेळ थांबला की आत. कोचने ओरडून काही होत नाही. ती टेबलापाशी गेली, शेजारच्या खुर्चीवर बसली आणि पायातल्या जुन्या बुटाची नाडी बांधू लागली, जो आत जाताना काढायचाच होता.

चेंडू बाहेर गेला, शिट्टी झाली. ती नाडी बांधत होती. मी तिला हाक मारली. खेळ सुरू झाला. पुन्हा शिट्टी झाली. तिने नाडी सोडली आणि दुसऱ्यांदा बांधायला घेतली. मी टेबलापर्यंत पळत गेले आणि विचारलं, काय चाललंय तुझं? तिने वर पाहिलं. उद्धटपणे नाही, भाजी जास्त झाली तर नको म्हणावं तसं.

"तिची पात लागू द्या ना, मॅडम," ती म्हणाली.

मी तिथेच उभी राहिले. शेवटचे काही सेकंद होते. चेंडू पुन्हा त्याच मुलीकडे गेला, ती तलमडुगूवालीला ओलांडून आत शिरली, आणि आमच्या चारही जणी तिच्या वाटेत आल्या. चारही. म्हाताऱ्याच्या फळ्यावर दोघी येतात आणि दोघी मागे उरतात, आणि मी वहीत तसंच काढलं होतं. त्या मुलीला कुठेही जागा राहिली नाही. तिने चेंडू पलीकडे टाकला, जिथे त्यांची एक मुलगी अगदी एकटी उभी होती. तिच्याकडे जायला आमची एकच उरली होती, जिला नुकतंच ओलांडलं गेलं होतं ती. तलमडुगूवाली पळाली. चार वर्षांत मी तिला तसं पळताना पाहिलं नव्हतं. शेवटच्या तीन पावलांत तिने पाय आखूड टाकले आणि हात वर केला, अगदी बरोबर, आणि चेंडू तिच्या बोटांवरून वीतभर उंचीने गेला आणि रिंगेत पडला.

शेवटची शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने हरलो. पाचजणी बोलत बोलत बाहेर आल्या, गोल कुणाच्या मुलीने केला हे कुणी विचारलं नाही. तलमडुगूवालीने मला येऊन सांगितलं, झालं मॅडम. मी म्हटलं, हो, झालं. परतीच्या गाडीत मी पुढे बसले. मला राग आला होता, आणि इंद्रवेल्लीचा फाटा मागे पडेपर्यंत तो मुलींवरच आहे असं मी समजत होते. मागे त्या गाणी म्हणत होत्या.

घरी पोचले तेव्हा माय ज्वारीची भाकर करून माझी वाट बघत होती. तिने गुण विचारले नाहीत.

"सगळ्या संगंच धुऱ्यावर आल्या का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आल्या. मग हात धुऊन ताटावर बसले, आणि पहिला घास मोडायच्या आधी तिला सांगून टाकलं की त्या सावकाश मुलीला मी बाहेर काढायला निघाले होते, बदली पोरगीच आत गेली नाही.

मायने तवा उतरवून ठेवला.

"तुह्या बापानं तुले वावरात येऊ देलं नाई," ती म्हणाली. "चार दिवस तरी न्याले पायजे व्हतं."

वडिलांच्या त्या गोष्टीला आमच्या घरात कुणी नाव ठेवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी ताटात पाहिलं, भाकर मोडली आणि जेवले.